धागे उलटे फिरतात तेव्हा

सकाळचे सात वाजलेत. प्रयोगशाळेत एका मुलाशिवाय अजून कुणी आलेलं नाही. विंड टनेलच्या काचेतून आत बघितलं, तर मधोमध एक पांढरा पंख आडवा बसवलेला दिसतो. दोन फूट लांब, वीतभर रुंद. त्याच्या पाठीवर हिरव्या लोकरीचे धागे ओळीने चिकटवलेत. एकेक धागा सेलोटेपच्या बारीक तुकड्याने लावायचा, दोन बोटांनी मागे ओढून बघायचा, मग पुढचा घ्यायचा. काल रात्री या कामाला अडीच तास लागले, असं तो मुलगा सांगतो. लातूरकडचा आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग मेकॅनिकलची पदवी आणि आता एरोडायनॅमिक्समध्ये एम.टेक.चं दुसरं वर्ष. त्याचं आणि संस्थेचं नाव इथे देत नाही. काम अजून अपुरं आहे आणि अपुऱ्या कामावर नाव नको, असं त्याचंच म्हणणं पडलं.

मोटर सुरू होते. तिचा आवाज आधी पोटात जाणवतो, मग कानात. काचेच्या नळीतलं पाणी एका बाजूला चढायला लागतं. "पंचावन्न मिलिमीटरचा फरक आला की सेकंदाला तीस मीटर वारा," तो म्हणतो. म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. धागे ताठ होऊन सगळे एका दिशेला, नुकत्याच विंचरलेल्या केसांसारखे बसतात.

पंखाचा कोन तो आधी दोन-दोन अंशांनी वाढवत नेतो. चार, सहा, आठ. डोळ्यांना काहीच दिसत नाही, संगणकावरचा लिफ्टचा, म्हणजे वर उचलणाऱ्या बलाचा, आकडा तेवढा वर सरकतो. दहा. मागच्या कडेचे धागे थरथरायला लागतात. बारा.

"आता बघा, मॅडम."

तेरा अंशांना मागच्या दोन ओळी उलट्या फिरतात. वारा समोरून सुसाट येतोय आणि धाग्यांची टोकं त्याच्याच दिशेने, पंखाच्या पुढच्या कडेकडे वळलेली. चौदाला सगळी पाठ फडफडायला लागते आणि साडेसहा किलोपर्यंत गेलेली लिफ्ट धाडकन खाली येते.

याला स्टॉल म्हणतात. मोटरगाडीचं इंजिन बंद पडतं त्याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे पहिल्या आठवड्यातच सांगावं लागतं. इथे इंजिन व्यवस्थित चालू असू शकतं. सुटतो तो हवेचा पंखाशी असलेला धरबंध.

तो का सुटतो, याचं उत्तर १९०४ सालच्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गला मिळालं. गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लुडविग प्रांटल नावाचा एकोणतीस वर्षांचा प्राध्यापक दहा मिनिटं बोलला. छापील निबंध जेमतेम आठ पानांचा. त्याचं म्हणणं असं, की हवेची चिकटाई अगदी नगण्य असली तरी पृष्ठभागाला लागून असलेला हवेचा कण पृष्ठभागाला चिकटूनच बसतो. तिथे वेग शून्य. तिथून वर वेग वाढत वाढत मूळ वाऱ्याएवढा होतो आणि हे सगळं एका पातळ थरात घडतं. हा सीमास्तर. पंखाच्या मागच्या उतारावर दाब वाढत जातो, म्हणजे या थराला चढण चढावी लागते. आधीच दमलेली हवा कोन वाढला की ती चढण चढू शकत नाही. थांबते आणि मागे वळते. लातूरच्या मुलाच्या धाग्यांनी दाखवलं ते हेच. हाताने फिरवायच्या चाकाने पाणी खेळवलेल्या एका छोट्या कालव्यात प्रांटलने हे आधी डोळ्यांनी पाहिलं होतं, हे मला त्या आठ पानांइतकंच मोलाचं वाटतं.

पहिल्या सत्रात मुलं एका गोष्टीपाशी हमखास अडखळतात. विमानाचं नाक किती वर आहे हे एक माप. समोरून येणारा वारा पंखाला किती कोनात भेटतो हे दुसरं माप. या दुसऱ्याला सगळे अँगल ऑफ अटॅकच म्हणतात. सरळ उडणाऱ्या विमानात दोन्ही मापं जवळजवळ सारखीच येतात, म्हणून माणूस फसतो. विमान खाली पडत असेल, तर वारा खालून येतो. नाक थोडंसंच वर असतं आणि पंखाला वारा मात्र भलत्याच कोनात लागत असतो.

१ जून २००९च्या रात्री अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचं हेच झालं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठला, वेगाचे आकडे खोटे पडले, ऑटोपायलट सुटला. पुढच्या गोंधळात नाक वर ओढलं गेलं आणि विमान स्टॉलमध्ये गेलं. नाक थोडं वर, इंजिनं चालू आणि पंखाला लागणारा वारा चाळीस अंशांच्याही पलीकडे. समुद्रावर आदळताना नाक सुमारे सोळा अंश वर होतं आणि खाली येण्याचा वेग मिनिटाला जवळजवळ ११,००० फूट. २२८ माणसं गेली. दोन वर्षांनी समुद्रतळावरून रेकॉर्डर वर आले तेव्हा हे आकडे हाती लागले. प्रयोगशाळेतल्या पंखाचा स्टॉल तेरा-चौदाला होतो हे ज्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याला चाळीस हा आकडा वाचवत नाही. मी त्या अपघाताचा अहवाल वाचताना मध्येच उठून बाहेर गेले होते.

मी स्वतः या विषयाची विद्यार्थिनी होते. तीस वर्षं होऊन गेली. आमच्या महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. तिथे विंड टनेल होता, पण मोटर जळालेली होती आणि ती दुरुस्त करायचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर वर्षभर फिरत राहिला. टनेलवर ताडपत्री, ताडपत्रीवर धूळ. प्रयोगाच्या वहीत आम्ही पुस्तकातला आलेख बघून आकडे भरले. तेही अगदी जुळणारे दिसू नयेत म्हणून थोडे इकडेतिकडे करून. परीक्षकांनी सही केली. त्या सहीची मला अजून लाज वाटते. वही मी जपून ठेवलीय. तिच्यातला एकही आकडा हवेने दिलेला नाही.

म्हणूनच या देशात हा विषय पदव्युत्तर पातळीवर कसा आला, ते मी पुन्हा मुळापासून वाचून काढलं आणि वाचताना एक मराठी नाव सारखं समोर येत राहिलं. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८. १९३०च्या दशकात ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि प्रांटलच्याच हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. त्या काळी या शास्त्राची काशी म्हणजे ग्योटिंगेन. कार्मानसारखे मोठे शास्त्रज्ञ तिथूनच घडून बाहेर पडलेले. घाटगे परत आले तेव्हा आपल्याकडे विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता.

तो कारखानाही एका मराठी मुलखातल्या माणसामुळे उभा राहिला. सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९४०च्या डिसेंबरात त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केला. युद्ध चालू होतं, विमानं दुरुस्त करायची होती. हात मिळाले, पण विमानाचं गणित येणारी माणसं मिळेनात. १९४२ साली बंगळुरूच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा पदव्युत्तर विभाग निघाला आणि तो उभा करायचं काम घाटग्यांकडे आलं. पदवी शिक्षणाची पायरी नंतर आली, वरची आधी. उलटा क्रम वाटतो खरा. पण कारखान्याला त्या घडीला हवी होती ती थोडकी माणसं, जी समीकरण बघून पंखाचा आकार सांगू शकतील.

घाटगे पुढे कारखान्यात विमानं आखायला गेले. एचटी-२ हे दोन आसनांचं शिकाऊ विमान त्यांच्या हाताखाली आखलं गेलं आणि १९५१ साली उडालं. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी पहिलं उड्डाण त्याच विमानात केलं. घाटग्यांच्या नावाने महाराष्ट्रात एखादी शिष्यवृत्ती किंवा निदान एखादी प्रयोगशाळा असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आपल्या शाळांतल्या मुलांनी हे नाव ऐकलेलंही नसतं.

इन्स्टिट्यूटच्या त्याच विभागात १९५१ साली सतीश धवन आले. अमेरिकेत कॅल्टेकला त्यांचा प्रबंध एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर होता. हवा पृष्ठभागाला घासते, त्या घर्षणाचं बल थेट कसं मोजायचं? सपाट पाटीतला अगदी छोटा तुकडा उरलेल्या पाटीपासून सुटा ठेवायचा, वाऱ्याने तो किती ओढला जातो ते मोजायचं. ओढ इतकी क्षीण, की उपकरणाचं स्वतःचं हलणं तिच्याहून मोठं होऊ शकतं. इस्रोचे अध्यक्ष म्हणून धवन सगळ्यांना ठाऊक आहेत. मला मात्र ते आठवतात एक इंच रुंद आणि तीन इंच उंच असा स्वनातीत वाऱ्याचा बोगदा बंगळुरूत जुळवणारे शिक्षक म्हणून. काडेपेटी मावेल एवढी जागा. पण तिथे आवाजाहून वेगवान हवा विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर वाहत होती. १९५९ साली त्याच आवारात मोठा बोगदाही सुरू झाला, चाचणीची जागा लंबगोल, चौदा फूट रुंद आणि नऊ फूट उंच.

त्याच १९५९ सालची आणखी एक गोष्ट. मारुत या आपल्या लढाऊ विमानाचा आराखडा जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली चालू होता. इंजिन बसवून उडवण्याआधी त्यांनी पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर केलं आणि दुसऱ्या विमानाला बांधून ते आकाशात नेऊन सोडलं. प्रश्न एकच, हे हातात कसं वागतं? बोगद्यात मॉडेल खिळलेलं असतं. त्याला किती बल लागलं ते कळतं, पण सोडून दिल्यावर ते काय करील हे तिथे दिसत नाही.

इथे दुसरा विषय सुरू होतो, फ्लाइट डायनॅमिक्स. एरोडायनॅमिक्सवाले आणि डायनॅमिक्सवाले एकाच मजल्यावर बसतात आणि जेवणाच्या टेबलावर एकमेकांची खेचतात. पवईच्या आयआयटीत एम.टेक.ला या दोन वेगळ्या शाखा आहेत. एकीत हवेचं वागणं, दुसरीत विमानाचं वागणं आणि त्याला वळण लावणं.

या दुसऱ्या विषयाची गोडी कळायला संगणक लागत नाही. त्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलीने बाल्साच्या लाकडाचं हातभर लांबीचं ग्लायडर केलं होतं. नाकाला प्लॅस्टिसिन लावलेलं. लांबलचक कॉरिडॉरमध्ये तिने ते नेहमीपेक्षा जरा जोरात सोडलं. ते वर चढलं, मंदावलं, नाक खाली घालून सुटलं, वेग घेतला, पुन्हा वर. भिंतीपर्यंत पोचेतो दोन लाटा पुऱ्या झाल्या. मैत्रिणीच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच होतं. "दोन पूर्णांक तीन!" ती ओरडली. मुलीने आकडा तिथेच भिंतीला वही टेकवून लिहिला. दुसऱ्या फेकीला दोन पूर्णांक पाच आलं, तेही लिहिलं. पहिला चांगला आला म्हणून दुसरा खोडला नाही.

ही चाल इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने राइट बंधूंच्याही आधी खेळण्यातली ग्लायडरं सोडून ओळखली होती. १९०८च्या पुस्तकात त्याने तिला फ्युगॉइड असं नाव दिलं. उड्डाणाला ग्रीक शब्द शोधायला गेला आणि चुकून पलायनाचा उचलला, कारण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. चूक तशीच राहिली, शंभरहून अधिक वर्षं सगळं जग ती वापरतंय. मराठीत ही चूक झालीच नसती.

फ्युगॉइडचं गणित पहिल्यांदा फळ्यावर सुटलं की वर्ग गप्प होतो. वेग आणि उंची एकमेकांत बदलत राहतात, झोपाळ्यासारखी. एका लाटेला लागणारा वेळ काढायला वेग घ्यायचा, गुरुत्वाच्या प्रवेगाने भागायचं, पायच्या आणि दोनच्या वर्गमुळाच्या गुणाकाराने गुणायचं. विमानाचं वजन, आकार, पंखाचा घाट, काही काही येत नाही त्यात. सेकंदाला पाच मीटरने जाणाऱ्या बाल्साच्या खेळण्याला २.३ सेकंद. साठ मीटरने जाणाऱ्या विमानाला २७ सेकंद. खरं विमान या सोप्या सूत्रापासून थोडं हटतं, आणि किती व का हटतं याच्यावर पुढचं सत्र चालतं.

याखेरीज एक झटपट शमणारं डोलणं असतं, गोल गिरकीकडे हळूहळू घसरणं असतं, आणि डच रोल असतो, ज्यात विमान कुशीवर कलत शेपूट हलवत जातं. ब्रिटिश गणितज्ञ ब्रायनने १९११ साली या सगळ्याची समीकरणं मांडून ठेवली. आजचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडलं तरी सांगाडा त्याचाच असतो. नवं आहे ते असं, की आता विमान मुद्दाम अस्थिर करतात. आपलं तेजस हे लढाऊ विमान तसं आहे. सोडून दिलं तर नाक भरकटणारच. चपळाई मिळावी म्हणून ती अस्थिरता पत्करली आणि तिला सावरायचं काम संगणकाला दिलं. त्या संगणकाने काय करायचं ते लिहिणारी माणसं याच विषयातून शिकून आलेली. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तिथे चालू असलेलं नियंत्रणप्रणालीचं काम सोडून आपल्या अभियंत्यांना परतावं लागलं. उरलेलं काम बंगळुरूत झालं. ४ जानेवारी २००१ला तेजस पहिल्यांदा उडालं. या प्रकल्पाचं नेतृत्व केलेल्या कोटा हरिनारायण यांची पदव्युत्तर पदवी बंगळुरूच्या इन्स्टिट्यूटची आणि डॉक्टरेट पवईची. बंगळुरू आणि पवई यांच्यातला रस्ता असा जुना आहे.

हे शिकायला कसं जायचं, हा प्रश्न मला पालक विचारतात. उत्तर सोपं आहे. गेट परीक्षा द्यायची, एरोस्पेसचा पेपर घेऊन किंवा मेकॅनिकलचा. दोन वर्षं. पहिल्यात वर्ग, दुसऱ्यात प्रबंध. सरकारी संस्थांत गेटच्या जोरावर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात आणि त्या बदल्यात धाकट्या वर्गांचे प्रयोग घ्यावे लागतात. हा आकडा गेली कित्येक वर्षं हललेला नाही. बरोबरीचे मित्र नोकरी करून घरी पैसे पाठवत असतात तेव्हा शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ही दोन वर्षं जड जातात. हा आकडा वाढायला हवा, आणि हे मी कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. बोगदे बांधायला पैसा लागतो तसा बोगद्याशी बसणाऱ्या पोराच्या जेवणालाही लागतो.

पुढे नोकऱ्या आहेत. बहुतेक बंगळुरूला. आपल्याकडे पुण्यात पाषाणला पिनाक रॉकेट घडलं, त्यालाही हेच गणित लागलं. बरेच जण सॉफ्टवेअरकडे वळतात, त्यांना मी दोष देत नाही.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आता प्रवाहाचं गणित संगणकावर सुटतं. रंगीत चित्रं येतात, निळ्यातून लालकडे जाणारी, फार देखणी. चांगल्या हातात हे साधन अमोल आहे. पण स्टॉलच्या आसपास, जिथे हवा पृष्ठभाग सोडते, तिथेच त्याचं उत्तर सगळ्यांत कमी भरवशाचं असतं आणि चित्र मात्र तितकंच देखणं येतं. ज्याने धागे चिकटवलेत त्याला त्या चित्रात कुठे बोट ठेवायचं ते कळतं. कानपूरच्या आयआयटीकडे स्वतःची धावपट्टी आणि विमानं आहेत. विद्यार्थी विमानात बसून फ्युगॉइड घड्याळावर मोजतात. मला वाटतं, असं एक तरी ठिकाण प्रत्येक भागात असावं. निदान चालू मोटरचा एक बोगदा हा विषय शिकवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयात, ताडपत्रीशिवाय.

दुपारचा एक वाजला होता. लातूरच्या मुलाचे सगळे कोन दोनदा घेऊन झाले होते. धागे काढून, पंख स्वच्छ पुसून त्याने ड्रॅगच्या, म्हणजे मागे ओढणाऱ्या बलाच्या, फेऱ्याही केल्या. या पंखाचा कमीत कमी ड्रॅग असतो जेमतेम ८० ग्रॅम. साडेसहा किलोच्या लिफ्टपुढे काहीच नाही, पण विमान किती इंधन पिणार ते यावरच ठरतं. मोटर थांबली. वारा पूर्ण थांबेपर्यंत तो उभा राहिला. मग संगणकाकडे गेला आणि शून्य वाऱ्याचं वाचन घेतलं.

सकाळी शून्य होतं, आता १२ ग्रॅम.

खोली तापली होती. बल मोजणारा तराजू तापमानाने सरकला होता. ऐंशीतले बारा, म्हणजे पंधरा टक्के.

"हे बारा सगळ्यांतून वजा नाही का करता येणार?" मी विचारलं. तो जरा थांबला. "कुठल्या फेरीला किती सरकलं ते माहीत नाही ना, मॅडम. शेवटी बारा होतं, मधे किती होतं कोण सांगणार?"

त्याने फाइलच्या नावापुढे 'वापरू नये' असं लिहिलं. पुसली नाही. मग मोबाइलवर उद्याचा पाचचा गजर लावला. पहाटे खोली गार असते, आणि आता दर फेरीनंतर मोटर थांबवून शून्य घ्यायचं, असं त्याने वहीत तारखेसकट लिहून ठेवलं. जेवायला निघताना त्याने पंखावर हात फिरवला. टेपचा एक तुकडा पुढच्या कडेजवळ राहून गेला होता, तो त्याने नखाने उचलून काढला आणि दिव्याखाली धरून बघितला.

"हाही होता की मधे," तो म्हणाला.